पडद्याच्या भरवशावर सोडलेली मुकी जनावरे

गेल्या दहा-पंधरा वर्षांत बेळगाव शहरात, आणि खानापूर-निपाणीसारख्या आसपासच्या गावांतही, घराच्या आत दोन बदल जवळजवळ बरोबरीने झाले. डब्यासारखा जुना टीव्ही जाऊन भिंतीवर हाय-डेफिनिशनचा रुंद, सपाट पडदा आला. आणि अंगणात, पडवीत किंवा मळ्यातल्या खोपटापाशी राहणारा कुत्रा उंबरा ओलांडून थेट बैठकीच्या खोलीत आला. टिळकवाडी, हिंदवाडी, अनगोळ या भागांतल्या जुन्या बैठ्या घरांच्या जागी फ्लॅट उभे राहिले, तेव्हा अंगण गेले, परसदार गेले. जनावरे पाळण्याची हौस मात्र गेली नाही, आणि ती जाऊ नये असेच मलाही वाटते. पण घरातली माणसे सकाळी नोकरीला, शाळेला, दुकानाला निघून गेली की मागे राहिलेल्या कुत्र्या-मांजराचे काय करायचे, या प्रश्नाला आता एक सोपे उत्तर रूढ होऊ लागले आहे. टीव्ही चालू ठेवायचा आणि कुलूप लावायचे. ‘त्याला तेवढीच सोबत होते’ हे वाक्य जिन्यात, लिफ्टमध्ये, जनावरांच्या दवाखान्याच्या बाकावर मी इतक्या माणसांच्या तोंडून ऐकले आहे की, त्याचा शांतपणे विचार करणे मला अगत्याचे वाटते. ही सोबत नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि हा प्रश्न ज्याच्या त्याच्या घराचा खासगी मामला म्हणून सोडून देण्याजोगाही राहिलेला नाही.

आधी एक जुना समज दूर करायला हवा. ‘जनावराला टीव्हीतले काय कळते?’ असे आपल्या आधीची पिढी म्हणत असे, आणि तिच्या काळात ते बऱ्याच अंशी खरेही होते. जुन्या नळीच्या टीव्हीवरचे चित्र 625 ओळींचे असे. त्या ओळी दोन हप्त्यांत रंगवल्या जात आणि पडदा सेकंदाला 50 वेळा उजळत व मंदावत असे. माणसाच्या डोळ्याला साधारण 50 ते 60 च्या पुढची लुकलुक जाणवत नाही, म्हणून आपल्याला ते चित्र सलग दिसे. कुत्र्याचा डोळा मात्र 70 ते 80 पर्यंतची लुकलुक टिपतो. आपण ज्याला रामायण किंवा क्रिकेटचा सामना म्हणून पाहत होतो, ते त्याच खोलीत बसलेल्या कुत्र्यापुढे सतत फडफडणाऱ्या उजेडासारखे येत असणार. त्यात भर म्हणजे, त्या डब्यातून 15,625 हर्ट्झची एक बारीक शीळ निघत असे. मोठ्या माणसांना ती बहुधा ऐकू येत नसे, लहान मुलांना येई, आणि कुत्र्या-मांजरांना तर ती स्वच्छ ऐकू येत असणार. अशा डब्याकडे पाठ करून कोपऱ्यात झोपणारा कुत्रा मंद नव्हता. त्याला तिथे पाहण्याजोगे काही मिळतच नव्हते.

नव्या पडद्याचे तसे नाही. त्याच्या मागचा उजेड सलग राहतो आणि एक चित्र पुढचे येईपर्यंत टिकून असते, त्यामुळे फडफड गेली. पडदा मोठा झाल्याने त्यावरचा कुत्रा खऱ्या कुत्र्याच्या आकारापर्यंत पोहोचला. येथे एक बारकावा नीट ध्यानात घेतला पाहिजे, कारण दुकानांतून नेमके त्याच्या उलट सांगितले जाते. हाय-डेफिनिशन म्हणून आपण ज्या स्पष्टतेचे पैसे मोजतो, त्या 1920 गुणिले 1080 ठिपक्यांचे कुत्र्याला फारसे कौतुक असू शकत नाही. निरोगी माणसाला जो तपशील 75 फुटांवरून दिसतो, तो पाहायला कुत्र्याला साधारण 20 फुटांपर्यंत जवळ यावे लागते. मांजराची दूरची नजर त्याहूनही अधू असते. रंगांच्या बाबतीतही कुत्र्याकडे आपल्यासारखी तीन नव्हे, दोनच प्रकारची रंगग्राही पेशी असते. निळा आणि पिवळा त्याला वेगळे ओळखता येतात, पण लाल आणि हिरवा यांत त्याची गल्लत होते. म्हणजे जनावराच्या दृष्टीने नव्या टीव्हीने आणलेला फरक सुबकतेचा नसून हालचालीचा आहे. पडद्यावरची धावणारी आकृती आता त्याच्यापुढे जवळजवळ अखंड धावते, आणि हालचाल टिपण्यात त्याचा डोळा आपल्यापेक्षा तसूभरही कमी नाही.

पक्ष्यांची गोष्ट आणखी निराळी आहे. अनेक पक्ष्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणारी चौथी पेशी असते आणि अतिनील प्रकाशही त्यांना दिसतो. माणसाच्या डोळ्याला पुरतील असे तीनच रंग मिसळून टीव्हीवर उभा केलेला पोपट पिंजऱ्यातल्या लव्हबर्डला पोपटाच्या रंगाचा वाटेल, असे मानायला काहीच आधार नाही. काही छोट्या रानपक्ष्यांना तर सेकंदाला 130 ते 146 पर्यंतची लुकलुक कळते, असे 2016 मधील एका अभ्यासात आढळले. त्यांच्यापुढे आपले नवे पडदेही कदाचित सलग नसतील. पिंजरा टीव्हीच्या शेजारी टांगण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. ती बंद करायला एवढे कारण पुरेसे आहे.

कुत्रा पडद्यावरचे ओळखतो का, याचीही नीट तपासणी झालेली आहे. फ्रान्समधील संशोधकांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ कुत्र्यांना पडद्यावर निरनिराळ्या जातींच्या कुत्र्यांचे चेहरे आणि इतर प्राण्यांचे चेहरे दाखवण्यात आले. वास नाही, आवाज नाही, नुसत्या चित्रावरून त्यांनी कुत्रे वेगळे काढले. अमेरिकेतील ऑबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी 2025 मध्ये 453 कुत्र्यांविषयी मालकांनी दिलेली माहिती प्रसिद्ध केली. तीत असे दिसले की, कुत्रे सर्वाधिक प्रतिसाद पडद्यावरच्या प्राण्यांना देतात. चंचल, उत्साही स्वभावाचे कुत्रे पडद्यावरून निघून गेलेल्या वस्तूचा मागही काढू पाहतात. आणि भित्र्या स्वभावाचे कुत्रे दाराची घंटा, गाडीचा हॉर्न अशा आवाजांनी अधिक बिथरतात. ही मालकांनी सांगितलेली माहिती आहे, ती त्याच मर्यादेत घ्यावी. तरी आपल्या घरांत दिसते त्याच्याशी ती पुरेपूर जुळते.

आपल्या भागाला या विषयाशी जोडणारा एक धागा मुधोळचा आहे. बेळगावला लागून असलेल्या बागलकोट जिल्ह्यातले मुधोळ हे घोरपडे घराण्याचे संस्थान, आणि तिथला सडपातळ, लांब तोंडाचा शिकारी कुत्रा सर्व देशात प्रसिद्ध आहे. टपाल खात्याने 2005 मध्ये त्याचे तिकीटही काढले. हा कुत्रा वासापेक्षा नजरेने शिकार करणारा. लांब तोंडाच्या कुत्र्यांच्या डोळ्यांत नजरेच्या पेशी आडव्या पट्ट्यात दाटलेल्या असतात आणि पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांत त्या मध्यभागी एकवटतात, हे सिडनीच्या संशोधकांनी 2004 मध्ये दाखवले होते. आडव्या शिवारातून पळणारा ससा हेरण्यासाठीच जणू घडलेला हा डोळा आज दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये भिंतीवरच्या पडद्यासमोर बसवला जात आहे.

हिंदवाडीतल्या एका परिचितांच्या घरी असा एक तरणा मुधोळ आहे. वन्यप्राण्यांचा कार्यक्रम लागला की तो आधी उभा राहतो, कान मागे जातात, शेपटी ताठ होते आणि पुढचा एक पाय अधांतरी उचललेला राहतो. हरणांचा कळप पडद्याच्या उजव्या कडेने बाहेर गेला की तोही उजवीकडे धावतो, टीव्हीखालच्या टेबलामागे डोके घालतो, भिंत आणि तारा यांच्यामधली फट हुंगतो. तिथे धूळ आणि गरम झालेल्या यंत्राचा वास, एवढेच असते. मग तो परत समोर येतो, पडद्याच्या खालच्या कडेला नाक लावतो आणि घरातल्यांकडे वळून पाहतो. घरातले हसतात, मोबाईलवर त्याचे चित्रण करतात. त्या चित्रणात त्याचे धापा टाकणेही ऐकू येते, पण त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. काही वेळाने तो आडवा होतो. मात्र डोळे मिटत नाही आणि पडद्यावरून नजरही काढत नाही.

या प्रसंगाकडे मी गमतीने पाहू शकत नाही. शिकारीच्या वृत्तीला एक क्रम असतो: हेरणे, दबा धरणे, धावणे, पकडणे. पडदा पहिल्या पायऱ्या चढवतो आणि शेवटची कधीच गाठू देत नाही. मांजरांच्या बाबतीत हे अधिक ठळक दिसते, कारण मांजरांसाठी म्हणून चिमण्या, खारी, मासे यांची तासन्‌तास चालणारी चित्रणे आता फुकट मिळतात आणि ती लावून निघून जाणे अगदी सोपे झाले आहे. काचेवर पंजे मारून मारून थकलेल्या मांजराच्या तोंडी शेवटी काहीच लागत नाही. म्हणून अशा खेळानंतर तिला दोरीला बांधलेले खरे खेळणे पकडू द्यावे, खाऊचा घास द्यावा, असे जाणकार सांगतात. पण ते करायला माणूस घरात असावा लागतो, आणि इथे मुद्दा माणूस घरात नसल्याचाच आहे.

आवाजाचा विचार तर आपण करतच नाही. माणसाला 20,000 हर्ट्झपर्यंतचे ऐकू येते, कुत्र्याला सुमारे 45,000 पर्यंत आणि मांजराला 60,000 च्याही पुढे. टीव्हीचा आवाज आपल्या कानाच्या मापाने कापलेला असतो. उंदराच्या चिरक्या आवाजाचा जो वरचा भाग मांजराला जिवंत उंदराची खूण पटवतो, तो त्यात नसतोच. वास तर नाहीच नाही, आणि कुत्र्याचे जग प्रथम वासाचे आहे. पडदा कुत्र्याला जगाचा एक तुकडा देतो आणि ओळख पटवणाऱ्या बाकी सर्व गोष्टी काढून घेतो. शहापुरातल्या एका घरी मुलगा पुण्याला नोकरीस आहे. रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल मोठ्या टीव्हीवर जोडतात, म्हणजे आजीला नातू नीट दिसावा. मुलाचा आवाज खोलीत घुमला की त्यांचा म्हातारा मोत्या उठतो आणि पडद्याकडे न जाता दाराकडे जातो. दाराच्या फटीला नाक लावून तो कितीतरी वेळ उभा असतो. कॉल संपल्यावरही तो लगेच हलत नाही.

टीव्हीच्या बाजूने बोलणारे म्हणतील की, जनावर कंटाळण्यापेक्षा हे बरे. या म्हणण्याला वजन असते, जर जनावर खरोखर टीव्ही पाहत असते. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील संशोधकांनी प्राण्यांच्या निवारागृहात हे मोजून पाहिले आहे. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात कुत्र्यांनी पडद्याकडे पाहण्यात सरासरी 10.8 टक्के वेळ घालवला. 2008 च्या अभ्यासात 125 मांजरांनी फक्त 6.1 टक्के. सवय झाली तशी हीही ओढ ओसरत गेली. आठ तास टीव्ही चालू ठेवून गेलेल्या मालकाने हे आकडे समोर ठेवावेत. कुत्र्यांसाठी म्हणून निघालेली एक स्वतंत्र वाहिनीही 2012 पासून अमेरिकेत आहे, तिच्यात रंग आणि आवाज कुत्र्याच्या इंद्रियांना जुळवून घेतलेले असतात. पण रंग जुळवल्याने रिकाम्या घरातला एकांत कमी होत नाही. आणि आपल्याकडे चालू असते ती तसली वाहिनी नव्हे. आपल्याकडे चालू असतात आजीच्या मराठी मालिका, आजोबांच्या कन्नड बातम्या आणि त्यांच्यामधल्या जाहिराती, ज्यांत दर थोड्या वेळाने दाराची घंटा वाजते, कुत्रा भुंकतो, फटाका फुटतो. भित्र्या जनावराला घरात एकटे असताना दिवसभर कोणी दार वाजवत राहावे आणि दार कधीच उघडू नये, यात कसली सोबत?

टीव्हीचा उपयोग मुळीच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. दिवाळीत आणि गणपती विसर्जनाच्या रात्री, मिरवणुकीचे ढोल आणि फटाके गल्लीभर घुमत असताना, खिडक्या बंद करून ओळखीचा टीव्ही मध्यम आवाजात चालू ठेवला, तर बाहेरचा दणका थोडा बोथट होतो. तिथे काम करतो तो आवाज, चित्र नव्हे. रेडिओनेही तेच साधते. संध्याकाळी माणसे टीव्ही पाहत असताना कुत्रा त्यांच्या पायाशी बसला असेल, तर त्यातही वावगे काही नाही. अनेक घरांत मालिकेचे शीर्षकगीत संपले की कुत्रा पट्ट्यापाशी जाऊन उभा राहतो, कारण त्यानंतर फिरायला जायचे असते हे त्याने हेरलेले असते. त्याच्या लेखी टीव्हीचे मोल मागून येणाऱ्या फेरफटक्यात आहे.

तो फेरफटकाच आता कमी होत चालला आहे, आणि म्हणून हा प्रश्न घराबाहेरचा होतो. प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या 1960 च्या केंद्रीय कायद्याचे कलम 11 फारच थोड्या मालकांना ठाऊक असते. सतत साखळीने बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम देण्यात मालकाने कसूर करणे, हे त्या कलमाप्रमाणे क्रूरतेत मोडते. त्या खोलीत टीव्ही चालू होता की बंद, याने त्यात फरक पडत नाही. मोठा पडदा आल्यामुळे कोंडून ठेवण्याला कोंडून ठेवणे म्हणायचेच आपण विसरत आहोत, ही माझी खरी तक्रार आहे. साखळी दिसली की शेजारी निदान हटकतो. कुलूपबंद दाराआडून मालिकेचा आवाज येत असला की कोणीच हटकत नाही, उलट मालक प्रेमळ असल्याची खात्री पटते.

जबाबदारी एकट्या मालकावर ढकलूनही चालणार नाही. सोसायट्यांनी पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालू नये, अशा भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या सूचना आहेत. तरीही कुत्रा खाली आणला की नाके मुरडली जातात, आवारात फिरवू नका अशा पाट्या लागतात, आणि कटकट टाळायला मालक त्याला वरच ठेवू लागतो. शेजाऱ्यांची तक्रार स्वच्छतेची असेल तर ती रास्त आहे, आणि कुत्र्याची घाण स्वतःच्या हाताने उचलणे हे मालकाचे कर्तव्य आहे. ते न करणाऱ्यांनी इतर सर्व मालकांची वाट अवघड केली आहे. पावसाळ्यात तर आपल्याकडचा पाऊस असा लागून राहतो की खानापूरकडच्या घरांत कुत्रे दिवसचे दिवस दाराबाहेर पडत नाहीत, आणि टीव्हीवरचा भर त्याच महिन्यांत सर्वात वाढतो. बेळगावचे नाव जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांच्या यादीत आले. तेव्हापासून रस्ते, पदपथ, उद्याने यांवर पुष्कळ बोलले गेले. प्रत्येक प्रभागात कुंपण घातलेला आणि वर थोडे छत असलेला एक लहानसा मोकळा तुकडा, जिथे पट्टा सोडून कुत्र्याला अर्धा तास धावता येईल, ही मागणी त्या बोलण्यात यायला हवी होती. महापालिकेच्या सभेत ती अजूनही मांडता येईल, आणि ती मराठीत मांडली की कन्नडमध्ये, याने कोणाचेच काही बिघडणार नाही.

सर्वात बिकट स्थिती एकट्या म्हाताऱ्या माणसांची आहे. मुले पुण्या-बेंगळुरूला, घरात आई किंवा वडील, आणि त्यांना सोबत म्हणून मुलांनी आणून दिलेल्या दोन गोष्टी: एक कुत्रा आणि एक मोठा टीव्ही. गुडघे धरलेल्या बाईने पावसात जिना उतरून कुत्र्याला फिरवावे, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? तिला दोष देण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण आपल्या प्रत्येक गल्लीत युवक मंडळ आहे. शिवजयंतीचा चित्ररथ असो की गणपतीचा मंडप, रात्रीचा दिवस करून राबणारी ही मुले आहेत. गल्लीतल्या अशा तीन-चार घरांची यादी मंडळाने करावी, सकाळ-संध्याकाळ पाळी लावून त्या घरांतली कुत्री व्हॅक्सिन डेपोच्या झाडीपर्यंत किंवा किल्ला तलावाच्या बाजूला फिरवून आणावीत, पिशवी आणि खुरपी सोबत ठेवावी, आणि कुत्र्याला रेबीजची लस टोचलेली आहे ना हे पहिल्याच दिवशी त्या घरी विचारून घ्यावे. याला देणगी लागत नाही, परवानगी लागत नाही. येत्या पावसाळ्याच्या आधी एखाद्या गल्लीने सुरुवात केली, तर त्या घरांतला टीव्ही दुपारी काही तास बंद ठेवता येतो का, हे तिथल्याच लोकांना पाहता येईल.